दार एक, कापड एक

भाच्यासाठी मुलगी मागायला आम्ही उव्हेआ बेटावरून शेजारच्या लिफू बेटाला निघालो. मी, माझी बहीण वायेला आणि भाचा इपेझे.

निघताना बहीण म्हणाली, "दादा, दोन कापडं घे."

"दार एक, कापड एक," मी म्हणालो.

वाटेत वारा फिरला. प्रवाळातली नेहमीची वाट सापडेना, म्हणून होडी कड्याखालच्या पुळणीला लावली. तिथे एक म्हातारी काठीने ऑक्टोपस शोधत होती.

"कुणाच्या वाळूत उतरलात?"

"तुमच्याच, आजी."

"मग गप्प का?"

परक्या जमिनीवर पाय ठेवला की कापड पुढे करून दोन शब्द बोलायचे, तेव्हा पुढची वाट मिळते. मुलीच्या घरासाठी आणलेलं कापड मी तिला दिलं. तिने खुशीने कड्यावरची पायवाट दाखवली.

चढताना बहिणीचं तोंड थांबेना. "दार एक, कापड एक! आता काय खेकडा देणार? रिकाम्या हाताने गेलो तर ऐकूनही घेणार नाहीत. पोरगा जन्मभर कुढेल."

पोरगा आत्ताच कुढत होता.

वर पोचल्यावर मी एका झाडामागे गेलो, कंबरेची लुंगी सोडली आणि नीट घडी घातली. खाली फुटबॉलची जुनी चड्डी होती.

"दादा, मागून फाटलीय!"

"मग माझ्या मागेच राहा."

मुलीच्या आजोबांच्या, हन्याजेंच्या झोपडीचं दार बुटकं, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. बहीण मला चिकटून आत आली. मी लुंगी आजोबांसमोर ठेवली.

"आजोबा, कापड लहान आहे, आत्ताच कंबरेवरून उतरलंय. पण मागणी मोठी आहे. तुमची सिलिपा आमच्या घरी द्या."

कोपऱ्यात चटई विणणारी सिलिपा बोलली, "मामांनी लुंगी सोडली. आणि ज्याला लग्न करायचंय तो?"

"बाहेर आहे. लाजतो."

"येऊ दे आत. त्याच्या तोंडून ऐकते."

इपेझे आला तो चौकटीला डोकं आपटूनच. कपाळ चोळत म्हणाला, "तुला तिकडे करमणार नसेल, तर मी इथे येऊन राहीन."

"काय?" वायेला किंचाळली.

सिलिपा पोट धरून हसली. "आजोबा, उचला ते कापड."

आजोबांनी लुंगी उचलली, म्हणजे होकार. आता उलट कापड देणं त्यांच्याकडे आलं. सिलिपाच्या आजीने दोरीवरचा आपला पिवळ्या फुलांचा झगा काढून माझ्या हातात ठेवला. नारळाच्या दुधात शिजलेले कंद आणि मासे मी तोच घालून खाल्ले. वारा छान लागत होता.