चूक माझी नव्हती

मी बोलतेय, दाराबाहेरून. माझी जागाच ती. टेलर मास्तरांच्या डाव्या पायाची चप्पल मी. उजवी बहीण शेजारीच आहे, पण तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं, असं माणसं म्हणतात. माझ्या मालकाला मात्र मी पायात आहे की नाही, हेच कळेनासं झालं होतं. दुकानातून घरी येताना मी वाटेत सुटायचे आणि मास्तर तसेच पुढे. मागून येणारी त्यांची बायको मला उचलायची.

"अहो, चप्पल!"

"कुठेय?"

"माझ्या हातात!"

"मग दे की. ओरडतेस कशाला?"

दुखण्याचं कारण सापडत नसलं, तरी दोषी ताबडतोब सापडतो. मास्तरांच्या मेव्हण्यानं मला उलटंसुलटं पाहिलं आणि "पट्टा सैल आहे" असा निकाल दिला. चांभारानं पट्टा आवळून लोखंडी चूक ठोकली. माझी काही चूक नसताना! मास्तर काज करताना अडखळू लागले, बटणं बोटांतून निसटू लागली, तेव्हा आधी सुई बदलली, मग चष्मा. शेजारचे काका म्हणाले, "वय झालं." स्वतःपेक्षा लहान माणसाला हे सांगताना त्यांचा चेहरा फार प्रसन्न होता.

मग गुडघ्यांचे डॉक्टर. त्यांच्या दारावर पाटी होती, 'चपला बाहेर काढाव्यात.' आतलं मी फटीतून ऐकलं.

"चालून दाखवा."

खोली एवढीशीच, टेबलापासून वजनकाट्यापर्यंत. मास्तर अनवाणी, टेबलाला धरून गेले आणि आले.

"गुडघे झिजलेत."

मुख्य साक्षीदार बाहेर पडलेली आणि निकाल आत! दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. त्या दारात आम्ही इतक्यांदा गेलो, की जोडे झिजवणं म्हणजे काय हे माणसांनी मला शिकवू नये.

पुढे मास्तरांचे पाय काठीसारखे ताठ पडू लागले. मेव्हण्यानं त्यांना मोठ्या हॉस्पिटलात, नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथेही मी वाटेत गळाले. मास्तर पुढे गेले आणि त्यांची बायको वैतागून, मला हातात धरून, पाटीबिटी न बघता थेट आत शिरली.

डॉक्टरीणबाई दचकल्या. "मला मारायला आणलीत की काय?"

"छे हो! ह्यांची गळून पडली. दर वेळी मीच उचलते."

"आणि ह्यांना?"

"पत्ताच नसतो."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी मास्तरांना बाहेरच्या लांब बोळात उभं केलं. "फरशीच्या रेघेवरून चाला. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लागली पाहिजे."

जन्मभर सरळ शिलाई मारलेला माणूस रेघेवर पाऊल ठेवताच कलंडला. मग बाईंनी त्यांच्या हाताच्या मधल्या बोटाचं नख टिचकवलं. अंगठा आपोआप आत वळला.

"मानेचा एमआरआय करू."

"चालता येईना पायानं आणि फोटो मानेचा?" मेव्हणा म्हणाला.

"पायांचे निरोप मानेतूनच जातात. तिथे मज्जारज्जू दाबला गेलाय, असं मला वाटतं. आणखी थांबलात, तर गेलेली चाल परत येईलच असं नाही."

फोटोत तेच निघालं. ऑपरेशन झालं. चाल पहिल्यासारखी झाली नाही, पण कलंडणं कमी झालं. बाहेर जायला मागे पट्टा असलेले सँडल आले. मला घरातल्या परीक्षेसाठी ठेवलं. संध्याकाळी मास्तर मला घालून खिडकीपर्यंत जायचे आणि खुर्चीतून बायको निकाल सांगायची.

"गेली."

"कधी?"

"मघाशीच, टेबलापाशी. नापास!"

मग ती खुर्ची रिकामी झाली. सगळे मास्तरांची पावलं बघत होते. तिच्या दुखण्याकडे बघायचं राहून गेलं.

मास्तरांनी परीक्षा सोडली नाही. परवा टेबलापाशी मी सुटले आणि मास्तर थांबले.

"निघाली!" ते म्हणाले. "अगं, कळलं मला!"

आणि खुर्चीकडे वळले.

मग मागे सरकून, पायानंच चाचपत त्यांनी मला पायात घेतलं.

माझं मागणं मोठं नाही. चप्पल सुटते आणि कळत नाही, असं कुणी म्हणालं, तर मला चूक ठोकू नका. मला खुशाल दाराबाहेर ठेवा, पण आत गेल्यावर डॉक्टरांपुढे माझं नाव काढा. आणि मला उचलायला मागून जे कुणी चालत असेल, त्या माणसाकडेही एकदा वळून बघा.