चौदा नंबरची वही

अनाथाश्रमांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात डेटाबेस सांभाळणाऱ्याला सगळे मेकॅनिक म्हणत. त्या सोमवारी डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली होती. साफसफाईचा प्रोग्रॅम रोज नेमाने चाले, पण डेटाबेसमधल्या रद्द झालेल्या ओळी जागच्या हलत नव्हत्या.

दोन तास डोकं खाजवल्यावर कारण सापडलं. कुणाचं तरी काम एकोणीस दिवस अर्धवट उघडं होतं आणि ते मिटेपर्यंत जुन्या ओळी निघणार नव्हत्या. काम काकूंचं होतं. जुन्या वह्या संगणकात उतरवणाऱ्या काकू नवरा आजारी म्हणून रजेवर होत्या. मेकॅनिकने काकूंना दोनदा फोन केला. उचलला नाही.

"ते उघडं काम तोडून टाक," साहेब म्हणाले. "डिस्क भरली तर सगळंच बसेल."

"काही सेव्ह करायचं राहिलं असेल तर?"

"एकोणीस दिवस कोण सेव्ह न करता राहतं?"

त्यालाही ते पटलं. त्याने तोडलं. संध्याकाळपर्यंत डिस्क एकसष्टवर आली.

गुरुवारी काकू आल्या. बराच वेळ पडद्याकडे बघत बसल्या, मग त्याच्या टेबलापाशी आल्या.

"अरे, माझी चौदा नंबरची वही दिसत नाही. तीनशे बारा नोंदी. दोन नावं लागत नव्हती, आश्रमाकडून उत्तर आलं की एकदम सेव्ह करणार होते. एकदा सेव्ह केलं की दुरुस्ती करता येत नाही ना."

सेव्ह न झालेलं बॅकअपमध्ये जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने सगळे बॅकअप चाळले. मग म्हणाला, "मूळ वही मागवू."

"तिला वाळवी लागली होती. उतरवून झाली म्हणून मीच सही करून रद्दीत पाठवली."

कोणतं मूल कुणी आणून सोडलं, अंगावर काय होतं, खूण कुठली, एवढंच त्या वहीत होतं.

काकू कोरा कागद घेऊन आठवेल ते लिहायला बसल्या. दुपारपर्यंत नऊ नोंदी झाल्या. दहावीला पेन थांबलं.

"निळं टोपडं होतं," त्या म्हणाल्या, "पण कुणाचं, ते काही केल्या आठवेना."

"मी साहेबांना सांगतो काकू, चूक माझी आहे."

"सांग. त्यानं काय होणार आहे?"

शुक्रवारी खिडकीशी पन्नाशीच्या एक बाई आल्या. हातातल्या चिठ्ठीवर वहीचा नंबर होता, चौदा. काकूंनी नऊही नोंदी पुन्हा वाचल्या, मग मेकॅनिककडे पाहिलं. तो उठून खिडकीशी गेला.