तांबडीसाठी आणलेला लोहचुंबक

मी लोहचुंबक बोलतोय. मुलांच्या खेळण्यातला नाही, फ्रिजवर चिकटवतात तोही नाही. मी गाईच्या पोटात राहणारा. बोटाएवढा लांब, कुठे बोचू नये म्हणून कडा घासून गुळगुळीत केलेला.

जन्म माझा भट्टीतला. ओतलं, घासलं, तोवर मी नुसता धातूचा तुकडा होतो. मग मला तारांच्या वेटोळ्यात ठेवून वीज सोडली. क्षणभरच. माझ्या आतलं काहीतरी एकदम वळलं आणि समोरच्या कामगाराच्या हातातला पाना माझ्याकडे खेचला गेला. तो हसला, मी दचकलो. मी तर काहीच केलं नव्हतं! आजही कुणी विचारलं, बाबा तू ओढतोस कसा, तर मला सांगता येत नाही. तुमचं काळीज कसं चालतं, ते तुम्हाला तरी कुठे सांगता येतं?

मला कुबात नावाच्या डॉक्टरांनी घेतलं. किरगिझ डोंगरातल्या चार गावांचे ते गुरांचे डॉक्टर. एका हिवाळ्यात ते मला साबिराआजींच्या गोठ्यात घेऊन गेले. तिथे तांबडी गाय पाठीची कमान करून उभी होती.

"चार दिवस झाले, चारा हुंगून सोडते," आजींची सून बेगिमाय म्हणाली. तिच्या कडेवर लहानगी होती. "दूध निम्म्यावर आलं. माझं हिला पुरत नाही, डॉक्टर. तांबडीचंच दूध पाणी घालून पाजते."

डॉक्टरांनी तांबडीच्या पाठीवर चिमटा घेतला. ती कण्हली.

"तार गिळलीय. गवताच्या गठ्ठ्याची. गठ्ठा सोडून तार तिथंच कोण टाकतं?"

"हीच," आजी म्हणाल्या. "हात गोठ्यात आणि जीव पाळण्यात."

बेगिमायने लहानगीला दुसऱ्या कडेवर घेतलं. नवरा रशियात बांधकामावर, गोठा, चूल, बाळ सगळं तिच्याच अंगावर.

डॉक्टरांनी मला खिशातून काढून खिळ्याजवळ नेलं. खिळा टणकन येऊन चिकटला. "आज हिला उपाशी ठेवा. उद्या सकाळी हा जिभेच्या मागे ढकला, गिळेल. हा पोटात बसून तार धरून ठेवतो, काळजाकडे जाऊ देत नाही. पण उद्याच हं."

"धरतो कसा पण? आत असतं काय?" आजींनी विचारलं.

"खरं सांगू? मलाही नीट कळलेलं नाही. कॉलेजात सांगायचे, आत बारीक बारीक कण असतात, सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे. मी विचारलं, का उभे? तर सर म्हणाले, तू खाली बस."

आजी हसल्या नाहीत. "सगळे एकाच दिशेला? म्हणजे नमाजाला उभे राहतात तसे!"

तिथेच माझं नशीब फिरलं.

त्या गावात बाळाचे चाळीस दिवस पुरे होईपर्यंत उशीखाली लोखंड ठेवतात, वाईट काही जवळ येऊ नये म्हणून. बेगिमायच्या पाळण्यात कात्री होती. तिचं पहिलं बाळ एकतिसाव्या दिवशी गेलं होतं. तेव्हाही उशीखाली कात्री होती.

"कात्री नुसती पडून असते. हा स्वतःहून ओढतो," आजी म्हणाल्या. "एक दिवस ठेवू. उद्या गाईला देऊ."

त्या रात्री बाळ पहिल्यांदा सलग झोपलं. खरं म्हणजे संध्याकाळीच त्याचा वात सरला होता. माझा काही संबंध नव्हता. मी फक्त कात्रीला घट्ट धरून होतो.

सकाळी बेगिमायने उशीखाली हात घातला. मला धरलं, आणि सोडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. बाळ सव्वीस दिवसांचं होतं. एकतिसावा दिवस सरेपर्यंत तिला मला हलवायचा धीर होईना.

डॉक्टरांचा फोन आला. "दिला ना चुंबक?"

तिने पाळण्याकडे पाहिलं. "दिला."

"मग पडेल उतार. काळजी नको."

भिंतीपलीकडून तांबडीचं कण्हणं ऐकू येई. पण माझी ओढ वीतभर चालते. तिच्या पोटातली तार मला जाणवतही नव्हती.

बत्तिसाव्या दिवशी तांबडी बसली ती उठेना. तेव्हा बेगिमाय मला मुठीत घेऊन धावली. "गिळ गं बाई, गिळ. चुकले मी." तांबडीने गिळलं.

आत ऊबदार काळोख होता. दोन खिळे आणि तारेचा एक तुकडा लगेच मला बिलगले. लांब तार मात्र पोटाची भिंत फोडून अर्धी पलीकडे गेली होती. मी तिचं शेपूट धरलं. होता नव्हता तेवढा जोर लावला. ती मागे आली नाही.

दुसऱ्या दिवशी, जीव जायच्या आत, तांबडीला कापावं लागलं. कापणाऱ्याने मला बाहेर काढून पाहिलं. "हा आत होता, तरी कशी गेली?" आजींनी मला धुतलं. सुनेकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मग शेजारची झुरा किटलीभर दूध घेऊन आली. "तुझी पोर त्या चुंबकामुळे गाढ झोपते म्हणे. आमचं कार्टं घर डोक्यावर घेतं. थोडे दिवस दे ना. रोज एवढं दूध आणीन."

"झुराताई, तो गाईसाठी आहे. आधी गाईला द्या," बेगिमाय म्हणाली.

"आमच्या गाईला काय धाड भरलीय? मस्त चरतेय!"

आत बाळ भुकेने रडायला लागलं. बेगिमायने किटली घेतली आणि मला झुराच्या हातावर ठेवलं.

आता मी झुराच्या बाळाच्या उशीखाली आहे. ते माझ्या डोक्यावर तासन् तास रडतं. मला ताप ओढता येत नाही, दृष्ट ओढता येत नाही, पोटदुखी ओढता येत नाही. बाहेर गोठ्यात झुरा गवताचा गठ्ठा सोडतेय, तार तिथंच पडलीय आणि गाय खायला लागलीय.

मी कसा ओढतो, हे कुणालाच कळलं नाही तरी चालेल. मी काय ओढतो, तेवढं तरी तिला कुणीतरी सांगा. ही उशी उचला. अजून वेळ आहे.