कपॅसिटर आणि अबोला

दुरुस्तीच्या दुकानात दोघे भाऊ एकाच टेबलावर काम करायचे आणि महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. कारणही तसंच थोर होतं. दादा एका गिऱ्हाइकाला आपलं लाडकं व्याख्यान देत होता: चार्ज म्हणजे पाणी, व्होल्टेज म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची, कपॅसिटन्स म्हणजे टाकीची रुंदी. धाकट्याने मध्येच नाक खुपसलं, तेव्हा दादा गिऱ्हाइकासमोरच म्हणाला, "याला अजून व्होल्टेज आणि करंटमधला फरक कळत नाही." झालं! धाकट्याने तोंडाला कुलूप लावलं, आणि ते उघडायला दादा गेला असता तर त्याची शान गेली असती.

निरोप वहिनी पोचवायची. "वहिनी, त्यांना सांग, पक्कड द्या." तेही हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला! आज वहिनी दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, त्यामुळे टपालखातं बंद होतं.

सकाळी धाकट्याने एक मायक्रोवेव्ह ओव्हन उघडून चालवून पाहिला आणि प्लग काढला. प्लग काढला तरी आतला चार्ज साठवणारा कपॅसिटर भरलेलाच राहतो, आणि तो हळूहळू रिकामा करणारा रेझिस्टर यात जळून गेला होता. हात लागला तर दोन हजार व्होल्टचा झटका थेट छातीत. म्हणून दोन्ही टोकं जोडून कपॅसिटर आधी शॉर्ट करायचा आणि मोठ्याने "रिकामा" म्हणायचं, ही दुकानाची पद्धत. पण ते करण्याआधीच फोन आला, धाकटा उठून बाहेर गेला. परतला तर दादा त्याच ओव्हनपुढे ठाण मांडून बसलेला.

दादाने ओव्हनकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. रिकामा केला का, एवढंच विचारायचं होतं. पण विचारायचं कोणाला? ज्याला काही कळत नाही त्याला? उघडणाऱ्याने रिकामा केलाच असेल असं धरून दादाने बाही वर सरकवली.

विचारू दे की, धाकटा मनात म्हणाला. एवढे विद्वान आहेत ना! दादाची बोटं आत गेली.

"दादा, हात काढ! भरलाय तो!"

हात जागीच थांबला, मग झटकन बाहेर आला. धाकट्याने प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकं जोडली. ठो असा आवाज झाला आणि स्क्रूड्रायव्हरचं पातं काळं पडलं.

दादाचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"मी बसलो तेव्हाच का नाही बोललास रे?"

धाकट्याला उत्तर पक्कं ठाऊक होतं. दादाने आधी तोंड उघडावं म्हणून तो थांबला होता. सख्ख्या भावाला हे सांगायची त्याला इतकी लाज वाटली, की तो पुन्हा गप्प बसला.