दुसऱ्या मायक्रोफोनने ऐकलेला हुकूम

बिनतारी संदेशाइतके जीव दुसऱ्या कुठल्याही शोधाने वाचवलेले नाहीत, असं मी, वायरलेसचा तंत्रज्ञ, प्रशिक्षणात दरवर्षी ठासून सांगतो. आमच्या रुग्णवाहिका कंट्रोल रूममधून मात्र महिनाभर गाड्यांना फक्त खोलीतल्या एसीचा ब्लोअर ऐकू जात होता.

पत्ते चुकू लागले. साहेबांनी खापर ऑपरेटर ताईंवर फोडलं. "बाई तोंडातल्या तोंडात बोलतात. सोमवारपासून रेकॉर्ड रूम!"

ताई बावीस वर्षं त्या खुर्चीवर. मला म्हणाल्या, "दादा, तिथे काय फायलींशी बोलू? काहीतरी करा ना."

"ताई, दुपारपर्यंत थांबा. झालंच समजा."

मी ब्लोअरजवळ दुसरा मायक्रोफोन टांगला आणि मध्ये फिल्टर बसवला. त्याचं तत्त्व सोपं. दुसऱ्या मायक्रोफोनला ऐकू येईल तो गोंगाट. तो शिकायचा आणि ताईंच्या माइकमधून वजा करायचा. गोंगाट बदलला की नव्याने शिकायचा. ताई हळू बोलतात, त्यांचा आवाज तिथवर पोचतच नाही.

दुपारी चार नंबरच्या गाडीतून ड्रायव्हर ओरडला, "ताई, अहो, कानात बसून बोलताय की काय!"

ताई हसल्या. साहेब हसले नाहीत. "ते ठीक आहे. पण ऑर्डर निघालीय."

आमच्याकडे ऑपरेटर बदलायचा हुकूम वायरलेसवर वाचतात आणि तीन गाड्यांनी 'ऐकलं' म्हटल्याशिवाय तो लागू होत नाही. साहेबांनी ताईंचाच माइक उचलला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. म्हणजे दुसऱ्या मायक्रोफोनलाही स्वच्छ ऐकू गेलं.

गाड्या गप्प. साहेबांनी हुकूम आणखी दोनदा वाचला, दर वेळी वरच्या पट्टीत.

शेवटी चार नंबर बोलला. "ताई, कोणीतरी माइकचं बटण दाबून नुसतं बसलंय. उठवा हो त्याला, लाइन अडलीय."

साहेब माझ्याकडे वळले. "यंत्र बिघडलं?"

"नाही साहेब. पटकन शिकतं ते."

हुकमावर 'गाड्यांनी ऐकला नाही' असा शेरा पडला आणि तो फायलीत गेला. ताई खुर्चीवरच आहेत.

परवा मेकॅनिकने ब्लोअर उघडला. एक स्क्रू ढिला होता. तो आवळल्यावर आवाज बंद झाला.