ओ

“चिमणे, ए चिमणे! ओ दे गं!”

हाक फार जुनी. मारणारी पोर नऊ वर्षांची होती, ती नऊचीच राहिली. जिला मारली तिचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले. पण हाकेला कुठलं वय? ती नळाच्या धारेतून यायची, चादरीच्या घडीतून यायची, भर दुपारी माणसांच्या घोळक्यात यायची, आणि मावशी जागच्या जागी थबकायची. तशीच ती आता थबकली, प्रदर्शनाच्या दारात.

“आत सरका, आत सरका! मध्ये सगळं रिकामं आहे!” मागून कंडक्टर ओरडले. नोकरी सुटली तरी त्यांची बस काही सुटली नव्हती. आळीतल्या रिकामटेकड्या म्हाताऱ्यांचं मंडळ त्यांनीच काढलं होतं आणि महिन्यातून एकदा सगळ्यांना ते असं कुठल्या ना कुठल्या प्रदर्शनाला घेऊन यायचे. चित्रं कळोत न कळोत, दालन गार असतं, बसायला बाकं असतात आणि भांडायला विषय मिळतो.

“मावशी, हाक मारतेय मी कधीची!” नर्सबाईने तिचा दंड धरला. “जन्मात एकदा तरी ओ म्हणाल का? तोंड भाड्याने दिलंय का कुणाला?”

मावशी नुसती हसली. इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालण्यात तिचा जन्म गेला. नर्सबाई तिथलीच. तेव्हापासून तिला ठाऊक होतं, मावशीला हाक मारली की ती ओ देत नाही, हातातलं काम टाकून मुकाट समोर येऊन उभी राहते. मावशीच्या घरी कपाटाला दार नाही, पडदा आहे, हेही तिला ठाऊक होतं. का, ते कधी विचारलं नव्हतं.

या खेपेचं प्रदर्शन घरातल्या वस्तूंचं होतं. दिवे, किटल्या, आरसे. एका तीन पायांच्या खुर्चीपुढे कंडक्टर अडून राहिले.

“हिच्यावर बसायचं, की हिला दवाखान्यात न्यायचं?”

“तुम्ही बसा तर खरं,” नर्सबाई म्हणाली, “मग दोघांना एकदमच नेऊ.”

हसत खिदळत सगळे शेवटच्या खोलीत आले. तिथे एकच वस्तू होती. एक कपाट. जुनं, लाकडी, माणूस आत बसेल एवढं. कंडक्टरांनी चष्मा नाकावर ओढून पाटी वाचली. “‘साहित्य: लाकूड, बिजागरी, अंधार.’ घ्या! अंधाराला पाटी लावून ठेवलीय. आमच्याकडे वीज गेली की फुकट मिळतो.”

दाराशी बसलेली देखरेखीची मुलगी म्हणाली, “एकेकाने आत बसायचं, काका. हवा तेवढा वेळ.”

कंडक्टर शीळ घालत आत गेले. बाहेर आले तेव्हा शीळ नव्हती. चष्मा पुसत राहिले. “घंटी वाजली,” ते हळूच म्हणाले. “आमचा ड्रायव्हर होता ना, त्याला मी द्यायचो तशी. दोनदा. तो जाऊन किती वर्षं झाली...”

“चला, काहीतरीच!” म्हणत नर्सबाई गेली. तीही आली ती पदराने मान टिपत. “कोणीतरी पाणी मागत होतं गं आत.” मग मुलीकडे वळून चिडून म्हणाली, “आवाज कुठून सोडता हो तुम्ही? घाबरवता काय म्हाताऱ्या माणसांना?”

“आवाज?” मुलगी गोंधळली. “आत काही नाहीये, आजी. स्पीकर नाही, वायर नाही. नुसतं कपाट आहे.”

कंडक्टरांनी घसा खाकरला. “चला, गाडी सुटते.” घोळका दाराकडे वळला, जरा घाईनेच.

मावशी मात्र कपाटाच्या दाराकडे बघत होती. दोन फळ्यांमध्ये एक फट होती, उभी, बोटाएवढी.

लहानपणी, त्या दिवशी ती लपली त्या कपाटालाही अशीच फट होती. लपंडावात राज्य ताईवर होतं. घरभर ती गात फिरत होती,

लपली चिमणी, लपला काऊ,
कुठल्या बाई घरट्यात पाहू?

कपाटात चिमणी तोंडावर हात दाबून हसत होती. शोधून शोधून ताई दमली. कपाटापुढूनच म्हणाली, “चिमणे, हरले गं मी! ओ दे!” जिंकण्याचा आनंद एवढा गोड, की चिमणीने ओ दिली नाही. मग ताईच्या चपला मागच्या दाराने वाजत गेल्या, खाणीतल्या तळ्याच्या वाटेने. संध्याकाळी त्यातली एक चप्पल काठावर सापडली.

“तुला तिची हाक ऐकू आली नव्हती ना गं?” आईने त्या रात्री विचारलं. चिमणीने मान हलवली. नाही. आई आयुष्यभर विचारत राहिली, जाताजातासुद्धा तिने तेच विचारलं, आणि मावशीने तशीच मान हलवली. ताई गेल्यावर आईनेच एकदा बजावलं होतं, “दिसत नाही त्याच्या हाकेला ओ देऊ नये. ओ दिली की नेतात.” तेव्हापासून मावशीचे ओठ शिवलेले. कोणती हाक कुणाची, कोणी सांगावं?

मावशीने कपाटाचं दार उघडलं, आत बसली आणि दार ओढून घेतलं.

“अहो मावशी!” नर्सबाईचा आवाज लांबून, पार पहिल्या दालनातून आला. मग तोही विझला.

अंधार मऊ होता, धुवून घडी घातल्यासारखा. गुडघे छातीशी आले. आधी काहीच नव्हतं. मग कुठेतरी चपला वाजल्या. एक कोरडी, एक ओली.

“चिमणे...”

मावशीने तोंडावर हात दाबला. हात कातडीचा राहिला नव्हता, नुसत्या सुरकुत्यांचा होता, पण तोंडावर बसला तो तसाच, त्या दिवशीसारखा.

“चिमणे, ए चिमणे...” आता हाक जवळ आली होती. तळ्याच्या पाण्याचा हिरवा, शेवाळी वास आला. फटीतून येणारी उजेडाची रेघ खालून वर हळूहळू विझत गेली, जसं कुणीतरी समोर येऊन उभं राहावं. नऊ वर्षांच्या पोरीच्या उंचीपर्यंत विझली आणि थांबली. त्यावर उजेड तसाच होता.

“हरले गं मी,” आवाज म्हणाला. रागावलेला नव्हता. फक्त दमलेला होता, शोधून शोधून. “ओ दे ना.”

नेतील, मावशीच्या मनात आलं. नेऊ देत.

तिने तोंडावरचा हात काढला आणि दाराला टेकवला. लाकूड गार, ओलं लागलं.

“ओ,” मावशी म्हणाली. “ओ, ताई. इथे आहे मी. ऐकू आली होती गं तुझी हाक. तेव्हाही ऐकू आली होती.”