विहाराकडे जाणारी पट्टी

देवानंद सरांची नजर साखरेच्या दुखण्यानं नेली, पण तोरा काही नेता आला नाही. बदनापुरातल्या निम्म्या पोरांना शिकवलेला माणूस. कुणी हाताला धरून विहारात नेलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. धरणारा प्रेमानं धरतो हे कळायचं, आणि त्यानंच जास्त चिडायला व्हायचं.

लेक प्रीती जपानात, ओसाकाला नोकरीला. तिच्याकडे राहून सर परतले आणि त्यांच्या तोंडी एकच विषय उरला. तिथं फुटपाथवर, स्टेशनात, थेट गाडीच्या दारापर्यंत आंधळ्यांसाठी उठावाची पिवळी पट्टी असते. पायाला लांब रेघा लागल्या की चालायचं, गोळे लागले की थांबायचं. जिना आला की पाखराचा आवाज येतो.

"एक दिवस घरापासून स्टेशनापर्यंत एकटा गेल्तो," ते बायकोला, बेबीनंदाला सांगत. "कोन कुठला मानूस, माझ्यासाठी रस्ता करून ठेवला त्यानं. नावबी म्हाईत न्हाई, पन मनातून रोज जयभीम घालतो त्याला."

"आन् इथं रोज हात धरते, तिला?" बेबीनंदा विचारायची. यावर सर खोकायचे.

हे बोलणं मिथुनच्या कानावर गेलं. मिथुन गवंडी, सरांचा जुना विद्यार्थी. गल्लीचा सिमेंट रस्ता त्याच्याच हाताखाली चालला होता. त्यानं सरांच्या उंबऱ्यापासून विहाराच्या पायरीपर्यंत रेघा उठवल्या आणि थांबायच्या जागी गोळे. पौर्णिमेच्या वंदनेला सर एकटे निघणार असं ठरलं.

"हात कोनी लावायचा न्हाई," सरांनी गल्लीला बजावलं. "चुकलो तर चुकलो."

संध्याकाळी काठी घेऊन सर निघाले. थोडं चालले तोच पट्टी डावीकडे वळली. गोळे लागले. सर थांबले. मग पट्टी उजवीकडे गेली, पुन्हा गोळे. सरळसोट गल्ली आणि पट्टी नागमोडी.

"मिथुन, रेघ सरळ मारायला शिकवली न्हवती का मी?"

मिथुन जवळच होता. "सर, आखली बराबर सरळच होती. पन परत्येक घर म्हनलं, सर आमच्या दारावरून गेले पाह्यजेत. कोनाला न्हाई म्हनू?"

सरांनी काठीनं वळण चाचपलं. येडे कुठले, जपानी माणसानं कपाळाला हात लावला असता. पण ओसाकातली पट्टी कुणालाही नेत होती, आणि ही फक्त त्यांना बोलावत होती. त्यांना गल्लीचे इतके उपकार वाटले की राग धरायला जागाच उरली नाही.

उशीर होत होता. दार आलं की थांबत, वळत सर निघाले. मध्येच काठी भलतीकडे गेली. पायानं चाचपून रेघ पुन्हा सापडली. हात कुणी लावला नाही. शेवटी विहाराची पायरी लागली.

आत चिडीचूप. वंदना आटोपून लोक गेले, असं त्यांना वाटलं.

"कोनी हाय का?"

मागं चपला खाली ठेवल्याचा आवाज आला. एक जोड, मग दुसरा, मग कितीतरी. प्रत्येक दारातून माणसं निघाली होती आणि सरांना चाहूल लागू नये म्हणून चपला हातात घेऊन, अनवाणी, त्यांच्या मागं आली होती.

"आवो, आज वंदना तुमीच करा सुरू," बेबीनंदा म्हणाली. "सगळे तुमच्या मागंच हाव."

सरांनी हात जोडले. वंदनेआधी ते मागं वळले आणि एकेका घराचं नाव घेऊन त्यांनी जयभीम घातला. मागच्यांनी घाई केली नाही.